मीनव्हेकरांचे मूळ गाव

दौंड,
१० नोव्हेंबर १९५८

प्रिय दादा,

सप्रेम सलाम.

काल इथं नव्या वाचनालयाचं उद्घाटन झालं, म्हणजे अर्धं झालं. पुण्याहून मोठे पाहुणे आले होते. यांच्या शाळेची मुलं स्वागतगीत म्हणत होती आणि हे पेटीवर बसले होते. दुसरं कडवं सुरू झालं आणि मांडव सावकाश, अगदी अदबीनं, पाहुण्यांच्या डोक्यावर येऊन बसला. पाहुण्यांच्या कपाळाला टेंगूळ आलं. बाकी कुणाला काही लागलं नाही.

मधला खांब पाहुणे यायच्या जरा आधीच काढला होता. काढायला लावला तो स्वागत समितीचे अध्यक्ष आनंदराव यांनी. फोटोवाला त्यांना म्हणाला, "साहेब, तुमचं तोंड खांबामागं जातंय." आनंदराव म्हणाले, "मग खांब हलवा की, तोंड कशाला हलवता?" हे मी पहिल्या रांगेत ऐकलं आणि माझ्याबरोबर निम्म्या दौंडानं ऐकलं.

मांडव पडल्यावर आनंदरावांनी मांडववाल्या तात्याबाकडं बघितलं. तात्याबा म्हणाला, "दोर खुटबावचा हाय, मी काय करू?" खुटबावचा गडी म्हणाला, "दोर दिला तवा चांगला व्हता. गाठ कुनी मारली ते इचारा." शेवटी आनंदरावच म्हणाले, "वारं सुटलं." झाडाचं पान हलत नव्हतं.

दादा, तू मराठीचा मास्तर. आपल्या भाषेत चोराला शब्द आहे, चहाडखोराला आहे, पण आपली चूक उचलून शेजारच्या अंगणात टाकणाऱ्याला एक सुटसुटीत शब्द नाही. नाणं पाडतात तसा एखादा पाड की.

आणि योसेफ आप्पांकडून त्यांच्या मुलाचं, दानिएलचं, काही कळलं का? आमची एलिझाबेथ तोंडानं काही बोलत नाही, पण "शिरूरला मामांकडं विहिरीचं पाणी गोड आहे ना?" असं दोनदा विचारून झालं. पाणी दानिएलच्या घरचं विचारते आहे हे मला कळतं.

तुझी,
राहेल


शिरूर,
१६ नोव्हेंबर १९५८

प्रिय राहेल,

सप्रेम सलाम. तुझे पत्र वाचून हसलो आणि मग पाहुण्यांच्या टेंगळाला हसावे का, असा विचार करत बसलो. पुन्हा वाचले, पुन्हा हसू आले. तेव्हा तो प्रश्न बाजूला ठेवला.

मराठीने माणसाची फार सोय करून ठेवली आहे. काच फोडली म्हटले की फोडणारा लागतो. काच फुटली म्हटले की एकटी काच पुरते. व्याकरणाने पाहिले तर तिथे काचच कर्ता, म्हणजे गुन्हा काचेचा. दूध सांडते, काम राहते, निरोप द्यायचा विसरतो, मांडव पडतो. आपण सगळे बाजूला उभे राहून हळहळतो.

शब्द पाडायला बसलो आणि आडनावेच पडत गेली. हा दोष एखाद्या दिवसाचा नसतो, घराण्यात मुरलेला असतो, म्हणून आडनावच बरे. मूळ घराणे मीनव्हेकरांचे. काहीही विचारा, पहिला शब्द "मी नव्हे". कचेऱ्यांतून त्यांचे चुलतभाऊ त्यालाविचारे बसलेले असतात. राहूनगेले हे त्यांचे व्याही. खांब काढायला लावून वाऱ्याकडे बोट दाखवणारे वारेसुटे म्हणजे मीनव्हेकरांचीच धाकटी पाती. तुमच्या अध्यक्षांना मी थोरल्या पातीत बसवतो. श्री. आनंदराव मीनव्हेकर. कसे वाटते?

ही टवाळी करण्याचा मला अधिकार आहे का, हे रोजनिशी लिहिताना तपासले. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते तेव्हा स्वतःचे मुसळ पाहावे. पाहिले, दिसले नाही. दिव्याची वात मात्र बारीक होती.

आता महत्त्वाचे. योसेफ आप्पांनी आज उपासनेनंतर मला थांबवून एलिझाबेथची चौकशी केली. दानिएलच्या मनात आहेच. आप्पांची बहीण दबोराबाई डिसेंबरात तुमच्याकडे घर पाहायला येईल. हुंडाबिंडा काही नाही. आप्पांची एकच अट असते: माणूस सांगतो तोच असला पाहिजे. तुझ्या पीटररावांच्या बाबतीत ती चिंता नाही.

तुझा,
दादा


दौंड,
२८ नोव्हेंबर १९५८

प्रिय दादा,

तुझी आडनावं फार चालली. मी पत्र नळावर वाचून दाखवलं. भामाबाई घागर भरायची विसरली. म्हणाली, "माझ्या सासरी समदे त्यालाविचारेच हायती. मला आजवर वाटायचं त्यांचं नाव जगदाळे हाय." दोन दिवसांत न्हाव्याकडं, पिठाच्या गिरणीत, टांग्याच्या अड्ड्यावर, सगळीकडं हेच. गिरणीवाला उशीर झाला की आपणहून सांगतो, "आज आमी राहूनगेले."

हसणं इथपर्यंत. पुढचं ऐक.

पुण्याच्या पाहुण्यांनी विचारणा केली की मांडव कुणामुळं पडला ते कळवा. समितीची सभा भरली. आनंदराव म्हणाले, "मास्तरांची पोरं खांबाला रेलली." कोणत्या खांबाला? जो आधीच काढला होता त्याला. हे उभे राहिले आणि सरळ मनानं म्हणाले, "अध्यक्षसाहेब, मी नव्हे आणि माझी मुलंही नव्हेत. मुलं पुढं उभी होती."

आनंदरावांनी मांडीवर थाप मारली. "ऐकलं का मंडळी? नळावर ज्यांची चर्चा चाललीय ते मीनव्हेकर हेच!"

सगळी सभा हसली. हसणाऱ्यांत घराण्यातले किती होते ते तूच मोज.

आता यांची पंचाईत बघ. "मी मीनव्हेकर नव्हे" म्हटलं की लोक टाळी देतात. गप्प बसले तर नाव कबूल केलं असं होतं. पोस्टमननं काल दारात हाक मारली, "मीनव्हेकर, पत्र!" शाळेतली पोरं फळा पुसत नाहीत आणि "कुणी पुसायचा होता?" विचारलं की एका सुरात "मी नव्हे" म्हणतात. हे हसून घेतात. पण परवापासून पेटी उघडलेली नाही.

तुझी,
राहेल


शिरूर,
५ डिसेंबर १९५८

प्रिय राहेल,

तुझ्या पत्राने बेचैन झालो. माझा यात किती दोष आहे याचा पुष्कळ विचार केला. शब्द माझा, हे खरे. पण तो मी खाजगी पत्रात लिहिला आणि आनंदरावांसाठी लिहिला. नळावर तो तू नेलास. (दोष देत नाही, क्रम सांगतो.) पीटररावांच्या अंगावर तो आनंदरावांनी टाकला. सुरी करणाऱ्या लोहाराला खुनात धरत नाहीत. उलट, सुरी जगात सोडताना तिचे टोक कोणाकडे वळेल याचा विचार लोहाराने करू नये काय? या दोन बाजू मी आलटून पालटून मांडून पाहिल्या. निकाल लागला नाही.

तूर्त पीटररावांनी शांत राहावे. लोक नव्या शब्दाला महिनाभर खेळवतात आणि टाकून देतात.

दबोराबाई पुढच्या आठवड्यात न्हावऱ्यावरून येणाऱ्या एस.टी.ने निघतील. बाई बोलायला फटकळ, पण मनाने चांगल्या. चहात साखर जास्त लागते.

तुझा,
दादा


दौंड,
१४ डिसेंबर १९५८

दादा,

चहा तसाच राहिला, साखर बरोबर होती.

दबोराबाईंनी टांग्याच्या अड्ड्यावर विचारलं, "पीटर भालेराव मास्तर कुठं ऱ्हात्यात?" टांगेवाला म्हणाला, "भालेराव कोन? आसं मीनव्हेकर म्हना की." दुसरा म्हणाला, "चला, मीनव्हेकरांच्या दारातच सोडतो." पुढं पत्ता सांगणारी भामाबाईसुद्धा तेच म्हणाली. तिला वाईट म्हणायचं नव्हतं. जिभेला सवय झाली.

बाई घरात आल्या, बसल्या, आणि यांना म्हणाल्या, "तुमी भालेराव का मीनव्हेकर?"

हे म्हणाले, "मी भालेराव."

"मग मीनव्हेकर कोन?"

दादा, या प्रश्नाला उत्तर काय आहे ते तूच सांग. हे खाली बघून म्हणाले, "तो मी नव्हे."

बाहेर पोरं उभी होती. ती हसली. बाई उठल्या. "गावाला एक नाव आन् सोयऱ्याला दुसरं. मला सगळं गाव खोटं बोलतंय आसं म्हनायचंय का? आमच्या भावाला आडनाव लपवनारं घर चालायचं न्हाई."

मी मागं धावले. सांगितलं की बाई, ते आडनाव नाही, ती चेष्टा आहे. त्या म्हणाल्या, "चेष्टंला कर लावून आडनाव करत्यात व्हय?" आणि गेल्या.

एलिझाबेथनं कपबश्या विसळल्या, पुसल्या, जागेवर ठेवल्या. मग म्हणाली, "आई, आता मामांना पाण्याचं विचारू नकोस."

राहेल


शिरूर,
१८ डिसेंबर १९५८

प्रिय राहेल,

काल योसेफ आप्पा शाळेत आले. थेट भिंतीवरच्या नकाशापाशी गेले आणि चष्मा लावून रत्नागिरी जिल्हा वरपासून खालपर्यंत पाहिला. मग मला म्हणाले, "मास्तर, मीनव्हे हे गाव कोणत्या तालुक्यात येतं?"

मी हातातला खडू खाली ठेवला.

"कर आहे म्हणजे गाव असलं पाहिजे. माझ्या मते गुहागरच्या आसपास. पण सापडत नाही. तुमचे मेहुणे कोकणातले असले तर माझी काही हरकत नाही. कोकणी माणूस म्हणजे काय कमी आहे का? पण मग लपवतात कशाला?"

मी म्हणालो, "आप्पा, ते खरे आडनाव नाही. गावात तसे नाव पडले आहे."

"कशावरून पडलं?"

"असेच. लोकांच्या बोलण्यातून."

आप्पांनी चष्मा काढून घडी केला. "पडलेलं नाव उगाच पडत नाही मास्तर. माणसात काही असतं म्हणूनच पडतं." आणि निघून गेले.

मी बोललो त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. नाव खरोखर पडले आहे, खरोखर लोकांच्या बोलण्यातून. तरीही तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. आप्पा माझ्याच चर्चच्या कमिटीवर आहेत. माझ्यासारख्या शिक्षकाने अशी टवाळकी लिहावी हे त्यांना कसे वाटेल, हा विचार त्या क्षणी मनात आला होता की नव्हता, हे मी अजून तपासतो आहे.

तुझा,
दादा


दौंड,
२० डिसेंबर १९५८

दादा,

मांडव पडला. नाव पडलं. एकाचा खांब कुणी काढला ते दौंडाला ठाऊक आहे. दुसऱ्याचा कुणी काढला ते तुला ठाऊक आहे.

"नाणं पाडतात तसा शब्द पाड" असं मी लिहिलं होतं. तू पाडलास. मी नळावर वाचला. आज सकाळी नळावर जाऊन मी तसं सांगितलं, की आमच्या मास्तरांची यात काही चूक नाही, पत्र मी वाचलं, हशा मी पिकवला. भामाबाई म्हणाली, "आमाला काय म्हाईत न्हवतं का? पर तू बोललीस ते ब्येस झालं. घागर उचलू लाग."

बोलायला घागर भरण्याइतकाही वेळ लागत नाही. तू तपासणं पुरे कर आणि आप्पांकडे जा.

राहेल


शिरूर,
२३ डिसेंबर १९५८

प्रिय राहेल,

गेलो होतो.

वाटेत वाक्य तयार करत गेलो. "माझ्याकडून एक शब्द लिहिला गेला" असे पहिले सुचले. नदीपाशी थांबून ते टाकले. दुसरे "माझा एक शब्द गावात पसरला" असे होते. तेही टाकले. आप्पांच्या ओट्यावर चढलो तेव्हा हातात काहीच उरले नव्हते, म्हणून बोलून गेलो, "आप्पा, मीनव्हेकर हे नाव मी पाडले."

दबोराबाई शेंगा निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवले.

मी सगळे सांगितले. मांडव, खांब, फोटो, माझे पत्र. त्यालाविचारे आणि वारेसुटे हेही सांगितले, म्हटले आता काही ठेवायचे नाही. वारेसुट्यांपाशी दबोराबाईंच्या तोंडावर पदर गेला. आप्पा हसले नाहीत. "म्हणजे मीनव्हे हे गावच नाही?"

"नाही."

"मी तीन माणसांना विचारलं. एक जण म्हणाला, तिथून बोट सुटते."

आप्पांनी सुपातली एक शेंग उचलून फोडली. मग म्हणाले, "त्या दिवशी मी विचारलं तेव्हा का नाही बोललात?"

"तुम्ही मला काय म्हणाल याची भीती वाटली."

"आता नाही वाटत?"

"वाटते."

दबोराबाई म्हणाल्या, "अरं, पोरीचा बाप खरंच सांगत व्हता की मग. तो मी न्हवं म्हनला, आन् न्हवताच तो. मीच च्या टाकून उठले. माझंच चुकलं बाई." राहेल, ते वाक्य किती सहज निघाले. मी आठवडाभर नुसता व्याकरण करत होतो.

आप्पांची अट आहे. साखरपुडा दौंडात, नाताळ झाल्यावर, सगळ्या गावासमोर, आणि आनंदरावांना बोलावून. "इथं माझ्या ओट्यावर सांगितलंत ते अर्धं. नाव जिथं पडलं तिथं उचला." मी हो म्हटले. आनंदरावांसमोर बोलायचे आहे, तरी येतो.

तुझा,
दादा


दौंड,
१२ जानेवारी १९५९

प्रिय दादा,

सप्रेम सलाम. तुला एस.टी.त बसवून परत आले आणि तुझ्यामागं काय काय झालं ते लिहायला आज बसते आहे.

साखरपुड्यात तू उभा राहिलास आणि म्हणालास, "हे नाव मी पाडले. पीटररावांचा त्याच्याशी संबंध नाही. ते मी आनंदरावांसाठी पाडले होते." मला वाटलं आता पुन्हा मांडव पडतो. पण आनंदराव सगळ्यांच्या आधी हसले, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसले. तुला पाठीवर थाप मारून म्हणाले, "वा मास्तर, मर्द मानूस! चूक कबूल करायला छाती लागते." तू शिरूरला निश्चिंत गेलास.

दुसऱ्या दिवशी त्यांनी समिती बोलावली. पुण्याच्या पाहुण्यांना अजून खुलासा गेलेला नव्हता. तो आता गेला. मांडव पडण्यास शिरूरचे येशुदास रणपिसे मास्तर जबाबदार असून त्यांनी भर सभेत कबुली दिली आहे, असा.

मी आनंदरावांच्या घरी गेले. म्हटलं, "आबा, माझा भाऊ त्या दिवशी शिरूरला होता. त्यानं नाव पाडलं, मांडव नव्हे."

म्हणाले, "पाडलं म्हनाला का न्हाई? सगळ्यांनी ऐकलं. काय पाडलं ह्याचा कीस कशाला काढता?"

नळावर आले तर भामाबाई मला समजावते, "आसंल तुझा भाऊ शिरूरला. पर आख्ख्या तालुक्यात मी क्येलं म्हननारा एकच गावलाय. त्याला कसं सोडत्याल?" तेव्हापासून तुझ्या नावावर गिरणीचा तुटलेला पट्टा, अनसाबाईची आटलेली म्हैस आणि वाचनालयाची हरवलेली किल्ली अशी भर पडली आहे. तुझंही आडनाव ठरलं आहे. तुला इथं मीचकर म्हणतात.

इकडं यांना पोस्टमननं काल "भालेराव मास्तर" अशी हाक मारली. हे क्षणभर थांबले, कुणाला हाक मारली ते कळेना. मग पत्र घेतलं. संध्याकाळी पेटी उघडली. भाता उंदरानं कुरतडला आहे, तरी वाजवली.

लग्न एप्रिलात, ईस्टरनंतर. आप्पांनी पत्रिकेचा मजकूर पाठवला आहे, त्यात "भालेराव" शब्दाखाली त्यांनी स्वतः रेघ ओढली आहे. एलिझाबेथनं विचारलंय, मामांकडं पाणी कसं आहे?

तुझी,
राहेल


शिरूर,
१७ जानेवारी १९५९

प्रिय राहेल,

सप्रेम सलाम. पाणी गोड आहे म्हणून सांग.

तुझे पत्र वाचल्यावर मी नोव्हेंबरची रोजनिशी काढून पाहिली. उद्घाटनाच्या दिवशी मी शिरूरलाच होतो. सकाळी उपासना, दुपारी सहावीचे निबंध तपासले, असे माझ्याच अक्षरात आहे. तरी दोनदा पाहिले.

आनंदरावांना आणि पुण्याच्या पाहुण्यांना सविस्तर पत्र लिहायला घेतले. "मांडव पाडणारा" इथपर्यंत आलो आणि थांबलो. पुढचे दोनच शब्द लिहायचे होते, राहेल. खरे होते, सोपे होते, आणि माझ्याच टांकसाळीतले होते. ते लिहिले की दौंडात काय हशा होईल तो मला इथे ऐकू आला. पीटरराव दीड महिना कसे राहिले असतील ते मला त्या दोन शब्दांपाशी बसून कळले. त्यांना माझा वेगळा सलाम सांग.

पत्र तसेच ठेवले आहे. लग्नाचा मांडव मात्र पीटररावांना स्वतः बांधायला सांग, आणि मधला खांब कोणाच्याही तोंडासमोर येवो, हलवू देऊ नकोस. मांडव पडला तर मीच पाडला असे ठरलेले आहे.

तुझा,
दादा